भागी, वय अंदाजे वीस

वन्सं, तुमची आई सापडली.

तुम्ही गेलात त्याच्या अकराव्या दिवशी सापडली. अजून अकरा दिवस धीर धरला असतात तर काय बिघडलं असतं, असं मी तुमच्या फोटोला चांगलं खडसावून विचारलं. मग लक्षात आलं, की जिच्यामुळे सापडली ती बाई तुम्ही गेलात म्हणूनच आपल्या दारात आली. म्हणजे तुम्ही होतात तोवर आई नव्हती, आणि आई सापडली तर तुम्ही नाही. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मला शब्द सुचत नाहीत, आणि जे सुचतात ते तुमच्यासारख्या मास्तरीणबाईंना चालायचे नाहीत.

रडून झालंय माझं, असं मी सगळ्यांना सांगते. झालेलं नाही. कुकरची शिट्टी झाली की रडते, कारण तिसऱ्या शिट्टीला तुम्ही आतून ओरडायचात, "माधवी, बंद कर गं!" आता मीच मोजते आणि चौथी होऊन जाते.

सगळ्यांना वाटायचं, तुम्हाला तुमची खरी जन्मतारीख हवी आहे म्हणून तुम्ही त्या जुन्या नोंदींच्या मागे लागलात. तुम्हीही तेच सांगायचात. शाळेच्या दाखल्यावर तुमची तारीख एक जून. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जून. पुढे तुम्ही स्वतः शिक्षिका झालात आणि तुम्हीही खेड्यापाड्यातल्या पोरांना एक जूनच चिकटवलात. "आयांना तारीख आठवायची नाही गं. कुणी म्हणायची भात लावायच्या वेळी, कुणी म्हणायची गणपतीच्या आधी. मग काय करायचं? शाळा सुरू व्हायच्या आधी सहा वर्षं पुरी बसवायची." वाढदिवसाच्या दिवशी तुमचे जुने विद्यार्थी फोन करायचे, आणि तुम्ही त्यांनाच उलट म्हणायचात, "तुझाही आजच ना रे?"

पण तारखेचं निमित्त होतं. मला ठाऊक होतं, वन्सं. तुम्हाला बघायचं होतं, तुमच्या जन्माची आणि आईच्या मरणाची तारीख एकच आहे का ते.

माझं लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला ते सांगितलं होतं. तुम्ही शेजारच्या खोलीत वह्या तपासत होतात आणि दार उघडं होतं. "ही आईला गिळून आली. हिच्या बाळंतपणात गेली ती. म्हणून तर मला आणली ह्या घरात." सासूबाई दुष्ट नव्हत्या. सावत्र लेकीला त्यांनी जेवूखाऊ घातलं, शिकवलं, तुमच्या नोकरीचं पेढ्यांचं ताट स्वतः गल्लीत फिरवलं. पण ते वाक्य त्या एखाद्याचं गाव सांगावं तसं सांगायच्या. ही शालन, मास्तरीण आहे, आईला गिळून आली. बघायला आलेल्या दोन स्थळांनाही हेच कुणीतरी सांगितलं, आणि तिसरं तुम्ही येऊच दिलं नाहीत.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. नवी नवरी होते. नंतरची पस्तीस वर्षं नवी नव्हते, तरी बोलले नाही. हे एक माझ्याकडे राहिलं.

महाडच्या महापुरात माझा टायपिंगचा क्लास गेला, तिथून आपलं दोघींचं सुरू झालं. सगळी मशिनं चिखलात. घासूनपुसून पाहिली, पण एकेका खटक्यातून पाणीच येत राहिलं. मी घरी बसून भिंतीकडे बघायची आणि मांडीवर बोटं चालवायची. तुम्ही तेव्हा वाचनालयातला मोडीचा वर्ग करून आला होतात. निवृत्त झालेले सगळे एकतर योगासनं करतात नाहीतर सहलीला जातात, तुम्ही मोडी शिकलात! एका दुपारी तुम्ही माझ्यासमोर लॅपटॉप ठेवलात. "हे बघ. मी वाचते, तू बडव. तुझी बोटं वाचतील आणि माझे डोळे."

जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायची लाट आली, तेव्हा कुठल्या कुठल्या गावांच्या जन्ममृत्यूच्या वह्या बाहेर निघाल्या. काही हौशी मंडळींनी त्यांचे फोटो काढून एका वेबसाइटवर टाकले, आणि ज्यांना मोडी येते त्यांनी घरबसल्या वाचून द्या असं आवाहन केलं. एक पान मागायचं, ते देवनागरीत टाइप करायचं, पाठवायचं. मग ते नाव कुणीही शोधलं की सापडतं. नागपूरचा माणूस पोलादपूरचा खापरपणजा शोधतो. तुम्ही पहिल्याच दिवशी शोधायच्या चौकटीत मला टाइप करायला लावलंत: सुभद्रा.

तुमच्याजवळ तेवढंच होतं. आईचं नाव सुभद्रा आणि माहेर "वर, पोलादपूरकडं". मामंजी एवढंच म्हणायचे, आणि तुम्ही आठवीत असताना तेही गेले. माहेरचं येणंजाणं तुटलेलं. बिरवाडीजवळच्या आपल्या गावच्या वहीत सुभद्रा नव्हती. पोलादपूरच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही किती म्हाताऱ्यांना विचारलंत, "आमच्या गावात दिलेली सुभद्रा तुमच्यातली का?" सगळ्यांनी माना हलवल्या. वेबसाइटवर सुभद्रा निघाल्या, नाही असं नाही. एक सत्तर वर्षांची, एक पटकीने गेलेली पोर, एक तर चक्क गाय, कुठल्याशा पांजरपोळाच्या कागदावरची. त्या गाईला आपण किती हसलो! तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी समजले की हसण्याचं आहे.

मग तुम्ही ठरवलंत, पोलादपूरच्या वरच्या अंगाची जेवढी पानं असतील तेवढी आपणच वाचायची. कधीतरी समोर येईल.

कसं चालायचं आपलं काम, आठवतं? जेवणं उरकली की टेबलावरचं प्लास्टिक पुसायचं, तुमचा चष्मा, माझा चष्मा, मध्ये लॅपटॉप. तुम्ही भिंगातून बघायचात आणि शिव्या घालायचात. "ह्या लिहिणाऱ्याला काय घाई होती गं! वाघ लागला होता मागे?" मोडीत आधी ओळभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घ बघायचं नाही. तुमच्यासारखीला ते म्हणजे तोंडात खडे. "ऱ्हस्वदीर्घ नाही म्हणजे काय? माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता." मी म्हणायची, "वन्सं, तो मेला असेल कधीच, वाचा पुढे." मी कायम "वाचा पुढे" म्हणायची. कामाला वेग हवा, पान संपायला हवं, ही टायपिंगवालीची खोड. आता त्या दोन शब्दांनी माझा जीव खाल्लाय.

एकदा तुम्ही मध्येच थांबलात आणि म्हणालात, "माधवी, तुला एक सांगू? हसू नको." मी म्हटलं, "सांगा." तुम्ही म्हणालात, तुम्हाला एक हात आठवतो. गोंदलेला हात, मनगटापासून वर ठिपके. तुम्ही कुणाच्या तरी मांडीवर आहात, आणि तो हात पेजेची वाटी धरून आहे, कुणीतरी फुंकर घालून घालून तुम्हाला भरवतंय. "आईच्या हातावर गोंदलेलं नव्हतं," म्हणजे सासूबाईंच्या. "आजीच्याही नव्हतं. मग तो कुणाचा?"

आणि मी काय म्हटलं? सांगते, कारण आता लपवून कुणासाठी ठेवू? मी म्हटलं, "अहो वन्सं, तुमची आई तुम्ही जन्मलात तेव्हाच गेली ना? दोन दिवसांच्या पोराला कुणी पेज भरवतं का? स्वप्न पडलं असेल." वर हसलेही. तुम्ही भिंग खाली ठेवलंत, काच पदराने पुसलीत, खरं तर ती स्वच्छच होती. "खरं गं," म्हणालात. "तेही खरंच." आणि पुन्हा कधी त्या हाताचं नाव काढलं नाहीत.

जळ्ळं मेलं माझं तोंड.

आता ते पान. होळीच्या आधीची दुपार होती. खडकाचा कोंड म्हणून पोलादपूरच्या वरची एक वाडी, तिच्या मयतांची वही. जन्माची वही वाळवीने खाल्लेली, तेवढी मयतांचीच वाचलेली. तुम्ही म्हणालात, "जन्म खाल्ले आणि मरण ठेवलं, वाळवीलाही चव कळते." तुम्ही बोट ठेवून वाचत होतात. ताप. ताप. हगवण. साप. मग:

"भागी. बाप तुकाराम. वय अंदाजे वीस. कारण, बाळंतपण."

मी टाइप केलं. तुम्ही खालची ओळ वाचलीत. "भागीचा मुलगा. नाव नाही. वय तीन दिवस." मी तेही टाइप केलं. मी मान वर केली तर तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

"अगं बाई," तुम्ही म्हणालात, "बाळंतीण गेली आणि मूलही गेलं. आणि बघ, बापाचं नाव लिहिलंय, नवऱ्याचं नाही. म्हणजे माहेरी आलेली असणार." किती बरोबर वाचलंत, वन्सं! एकेक अक्षर बरोबर. मग म्हणालात, "हिला आधीचं एखादं लेकरू असेल का गं? ते कुणाकडे राहिलं असेल?"

गॅसवर दूध होतं. मी उठता उठता म्हटलं, "असेल नाहीतर नसेल, आपल्याला काय करायचंय? वाचा पुढे."

आणि तुम्ही पुढे वाचलंत.

तुमचं ते दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. डॉक्टर म्हणाले उद्या घरी सोडू. तुम्ही मला म्हणालात, "त्या वहीची चार पानं राहिली आहेत, दुसऱ्या कुणाला जाऊ देऊ नको." मी म्हटलं, "तुम्ही आधी हे सलाइन संपवा, मग पानांचं बघू." तेवढंच बोलणं झालं आपलं शेवटचं. लोक शेवटच्या भेटीत काय काय बोलतात, आपण सलाइनवर बोललो. सकाळी तुमचे बंधुराज चहाचा थर्मास घेऊन गेले आणि तसेच परत आले. थर्मास भरलेलाच होता. तो मी तीन दिवस रिकामा केला नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी, सुनेच्या खांद्यावर हात टाकून उभी. नऊवारी, पाठीत वाकलेली, पण डोळे लख्ख. एस.टी.ने पोलादपूरहून आल्या होत्या. मला वाटलं तुमच्या कुठल्या विद्यार्थ्याची आजी असेल, अशा कितीतरी येऊन गेल्या. मी पाणी दिलं.

"मी हौसा," त्या म्हणाल्या. "खडकाच्या कोंडावरची. शाली माझ्या आत्याची पोर. ती गेल्याचं बाजारात कळलं."

मी म्हटलं, "कुठली आत्या?"

"भागीआत्या. दुसरी कुठली?"

वन्सं, मला तेव्हाही काही कळलं नाही. इतकी मी शहाणी! मी म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय आजी. आमच्या वन्संच्या आईचं नाव सुभद्रा होतं."

"ते तुमच्यातलं नाव, लग्नात ठेवल्यालं. आमच्याकडं ती भागीच. कोंडावर सुभद्रा म्हनलं तर कुत्रं पन वळून बघायचं नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कारण वन्सं, मी सुमन आहे. तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच माझ्या लग्नात तांदळाचं ताट धरलं होतंत. तुमच्या भावाने त्या तांदळात अंगठीने "माधवी" लिहिलं आणि त्या दिवशी सुमन संपली. माझ्या माहेरी अजूनही मला सुमी म्हणतात. वीर स्टेशनला गाडीतून उतरून माझ्या माहेरच्या आळीत माधवीचा पत्ता विचारा, कुणी सांगणार नाही. ही गोष्ट मी पस्तीस वर्षं अंगावर वागवतेय. आणि तीच मी, रोज दुपारी त्या चौकटीत सुभद्रा, सुभद्रा, सुभद्रा टाइप करत बसले. माहेरी गेलेली बाई माहेरच्या नावाने मेली असेल, एवढं मला सुचू नये? तुम्हाला नाही सुचलं ते मी समजू शकते, तुमचं नाव कुणी बदललं नाही, तुम्ही जन्मभर शालनच. पण मला सुचायला हवं होतं. ह्या घरात मला एकटीलाच सुचण्यासारखं होतं ते.

हौसाबाई बोलत होत्या. "दुसऱ्या खेपंला गेली आत्या. पोरगा झाला, त्याच्यात."

"दुसऱ्या?" मी विचारलं.

"व्हय गो. पयली शाली. मग दोन-अडीच वर्सांनी पोरगा. आत्या गेली, पोरगा पन ऱ्हायला नाय. मग शालीला तिचा बाप घेऊन गेला. मी आठ-नऊ वर्सांची व्हते तवा. लई रडले."

दुसऱ्या. एवढा एकच शब्द, वन्सं. कुणी खोटं बोललं नाही. आई बाळंतपणात गेली, हे अगदी खरं. फक्त मधला एक शब्द कुणीतरी गाळला, आणि मग कुणाला त्याची गरज वाटली नाही. मामंजींना त्या पोराबद्दल बोलवत नसेल. सासूबाईंना मुळात कुणी सांगितलंच नसेल. आणि एका शब्दाच्या जागेवर तुम्ही सगळा जन्म उभ्या राहिलात.

मी उठून लॅपटॉप उघडला. भागी टाइप केलं. पान समोर आलं. खाली लिहिलेलं होतं, वाचन: शालन, टंकन: माधवी. शाळेतल्या तुमच्या जन्मवर्षाशी ते वर्ष ताडून पाहिलं. दोन वर्षं आणि वर काही महिने. महिने नक्की सांगता येत नाहीत, कारण तुमचा तो एक जून.

तुम्ही स्वतःच्या आईचं मरण मोठ्याने वाचलंत, वन्सं. स्वतःच्या भावाचं वाचलंत. "अगं बाई" म्हणालात. आणि मग विचारलंत, हिचं आधीचं लेकरू कुणाकडे राहिलं असेल. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून विचारलंत. आणि मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय.

हौसाबाईंना मी विचारलं, "तिच्या हातावर गोंदलेलं होतं का?" त्यांनी थोडा विचार केला. "तवा सगळ्यांच्याच हातावर असायचं गो," त्या म्हणाल्या, आणि स्वतःची बाही वर केली. ठिपके विरून निळसर डाग राहिला होता नुसता. खोटं कशाला सांगू, त्या हो म्हणाल्या नाहीत. पण अडीच वर्षांच्या पोराला पेज भरवतात, वन्सं. फुंकर घालून घालूनच भरवतात. तुमचं स्वप्न नव्हतं ते. मी चुकले. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं, तुम्ही "मग? सांगत होते ना!" म्हणायला हवं होतंत, आणि पुढचे आठ दिवस मला त्यावरून टोमणे मारायला हवे होतेत. मी खुशाल ऐकून घेतले असते.

आणखी एक. त्या एकदा आल्या होत्या इथे. तुम्ही मास्तरीण झालात असं कळलं तेव्हा, डोक्यावर फणसाचं ओझं घेऊन. सासूबाई दारात होत्या. "म्हनल्या, हितं कोन शाली नाय. शालनबाई हायेत, त्या शाळेत गेल्यात. मी काय ते ओळखलं आनि गेले." फणस ओट्यावर ठेवून गेल्या. तुम्ही खाल्ला असाल तो फणस. कुणी दिला म्हणून विचारलंही असेल.

हे मी तुमच्या भावाला सांगितलं आणि आमचं कडाक्याचं वाजलं. ते म्हणाले, "आई गेली आता, तिला कशाला मध्ये आणतेस? तिला काय माहीत होतं?" मी म्हटलं, "माहीत नव्हतं तर बोलायचं कशाला? रोज उठून बोलायचं कशाला?" ते म्हणाले, "आणि तू बोललीस का एकदा तरी? आईला अडवलंस?" झालं. मग ते बाहेरच्या पायरीवर बसले आणि सत्तरीला आलेला तो माणूस "ताई, ताई" करत रडायला लागला. मी शेजारी बसले. दोघांचंही खरं होतं.

बाराव्याला आपल्या गावचे लोक आले. त्यातल्या एका काकींनी सवयीने सुरुवात केली, "बिचारी, जल्मताच आईला..." मी वाढत होते. पळी तशीच हातात. म्हटलं, "काकी, नाही. आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. सरकारी वहीत लिहिलेलं आहे. हवं तर दाखवते." काकी गोंधळल्या, म्हणाल्या, "आम्ही आपलं ऐकलेलं..." मी म्हटलं, "हो, सगळ्यांनी ऐकलेलंच. आता हे ऐका." आणि मी लॅपटॉप पंगतीच्या मधोमध आणून ते वाचून दाखवलं. तुमच्यासारखं बोट ठेवून. पस्तीस वर्षांनी बोलले, वन्सं, आणि तेही तुमच्या बाराव्याच्या जेवणावर. शाबासकी नको. उशिरा आणलेला गृहपाठ तुम्ही कधी घेतला नाहीत, मला ठाऊक आहे.

त्या वेबसाइटवर प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याची चौकट असते. आपण कायम रिकामी सोडायचो. काल मी भागीच्या पुढे लिहिलं: "सासरचं नाव सुभद्रा. हिची थोरली मुलगी शालन, प्राथमिक शिक्षिका, महाड. हे पान तिनेच वाचलं." एवढ्याला मला अर्धा तास लागला. मिनिटाला साठ शब्द मारणारी मी. शालन लिहिताना बोटं चुकायची. राहिलेली चार पानं मी कुणाला दिली नाहीत. मोडीचा नवा वर्ग गणपतीनंतर सुरू होतोय, नाव घातलंय. भिंग तुमचंच वापरेन, चालेल ना?

पण खरं सांगायचं ते हे. हौसाबाईंना मी रिक्षापर्यंत सोडायला गेले. सून त्यांना आत बसवत होती, आणि त्या एकदम थांबल्या, रिक्षाच्या दांडीला धरून हसायला लागल्या. म्हणाल्या, "आत्याला लई वेड व्हतं हिचं. पोटुशी असून हिला कडेवर घ्यायची, आजी वरडायची. आनि त्याच्या आदल्या वर्सी ही एवढीशी, आंगनात टाकलं पाऊल की धपकन बसायची. आत्या अशी समोर बसायची हात पसरून. एक दिवस चार पावलं आली, आनि आत्यानं सगळा कोंड गोळा केला. शाली चालली, शाली चालली, म्हनून."

रिक्षा गेली. मी तिथेच उभी राहिले.

तुम्ही कुणाला गिळून आला नव्हता, वन्सं. तुमच्या पहिल्या चार पावलांसमोर ती हात पसरून बसली होती.